विषय : शिवाशिवी

मित्रा,

तोआ पायोहच्या तुझ्या फ्लॅटच्या किल्ल्या परवा परत केल्या. भिंतीतले खिळे काढून भोकं बुजवली. एसीचा रिमोट सापडत नव्हता, तो तांदळाच्या डब्यामागे निघाला. तिथे तो कसा गेला हे सांगायला तू नाहीस, तेव्हा तो विषय मी सोडून दिला. कुंड्या शेजारच्या मलाय बाईंना दिल्या. त्या दारात उभ्या राहून रडल्या आणि मी त्यांना कढीपत्त्याला किती पाणी घालायचं ते सांगत बसले. मला तेच जमतं.

तुझ्या भावाने पुस्तकं नेली. लॅपटॉप मात्र माझ्या हातात ठेवला. "ताईने बजावलं होतं," तो म्हणाला, "सोपा शुभाताईंकडे द्यायचा."

सोपा म्हणजे तुझी ती फाइल. आम्ही पुण्यात जिला ओसरी म्हणतो तिला तुमच्याकडे, कृष्णेकाठी, सोपा म्हणतात. तुमच्या गावच्या शाळेच्या सोप्यात तुमच्या वस्तीतली मुलं बसायची. वर्गात नाही, वर्गाबाहेर, खिडकीतून दिसेल तेवढा फळा बघत. मग एक दिवस ती मुलं आत आली. कशी आली, ते त्यांच्याच तोंडून ऐकायला तू दर सुट्टीत गावी जायचीस. ती मुलं आता ऐंशीच्या घरातली म्हातारी माणसं होती. त्यांच्यासमोर मोबाइल ठेवायचीस आणि बोला म्हणायचीस. सतरा माणसं, सतरा रेकॉर्डिंग. ती ऐकून टाइप करायचं काम माझं, आणि त्यांचा तक्ताही माझा: क्रमांक, नाव, वय, विषय, शेरा.

काल तो तक्ता उघडला. सतरा ओळी भरलेल्या. अठरावी रिकामी. तिच्या शेऱ्याच्या रकान्यात तू लिहून ठेवलं आहेस, "शुभा नाही म्हणते."

मी लॅपटॉप मिटला आणि पोळ्या केल्या. पण आज लिहायला बसले आहे ती त्या तीन शब्दांसाठीच.

आपली ओळख झाली वन-नॉर्थच्या फूड कोर्टात. मी फोनवर नवऱ्याला झापत होते. इथे परदेशात मराठी कुणाला कळतंय या भरवशावर मी बरंच काही बोलायचे. फोन ठेवला तर मागच्या टेबलावरून आवाज आला, "शेवटचं ते 'ठेव आता' जरा जास्त झालं हं." गळ्यातल्या कार्डावर नुसतं मित्रा. ऑफिसातल्या बंगाल्यांना तू बंगाली वाटायचीस, कारण मित्रा हे त्यांच्यात आडनाव. तू त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाहीस आणि दरवर्षी त्यांच्या पूजेचं जेवण जेवून आलीस. "खिचडी चांगली असते," म्हणायचीस.

मला मात्र तू पहिल्याच दिवशी सांगितलंस, की नाव संघमित्रा. सांगितलंस आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस. मी म्हणाले, "मोठं आहे. फॉर्मच्या चौकटीत बसत नसेल." तू हसलीस. ती परीक्षा होती हे मला फार नंतर कळलं. त्यात मी पास झाले का नापास, ते तू कधी बोलली नाहीस. आता राहिलंच.

मराठी टायपिंग मला भराभर येतं अशी बढाई मी मारली आणि अडकले. मग दर शनिवारी सकाळी तुझ्या घराखालचं खाण्याच्या टपऱ्यांचं हॉकर सेंटर, कोपीचे, म्हणजे इथल्या दाट कॉफीचे, दोन कप, एका इअरफोनचं एक टोक तुझ्या कानात, एक माझ्या. पहिल्याच रेकॉर्डिंगमध्ये मी टाइप केलं, "आम्ही सोफ्यावर बसायचो."

तुला ठसका लागला. "शुभे, महारवाड्यातली पोरं आणि सोफा! एवढी सोय असती तर आम्ही आत कशाला गेलो असतो?"

शेजारच्या टेबलावरचे चिनी काका वळून बघायला लागले. तू त्यांना इंग्रजीत समजावून सांगायला गेलीस आणि अर्ध्यातच पुन्हा हसायला लागलीस. काकांना काहीही कळलं नव्हतं. तेही हसले.

दुसऱ्या चुकीला तू हसली नाहीस.

चौथं रेकॉर्डिंग तुझ्या सोनाआत्याचं. तुझ्या वडिलांची थोरली बहीण, त्र्याऐंशी वर्षांची, आवाज असा की मोबाइल लांब ठेवावा लागे. तिचं पहिलंच वाक्य, "शाळंत तवा लई शिवाशिवी व्हती." मग रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली, पुढचं नीट ऐकू आलं नाही. मी विषयाच्या रकान्यात लिहून टाकलं: खेळ.

मला दुसरं काही सुचलंच नाही, मित्रा. शिवाशिवी म्हणजे मी सोसायटीच्या गच्चीवर खेळले ती. एकावर राज्य, बाकीच्यांनी पळायचं, राज्यवाल्याने शिवलं की आउट. माझी ईशा इथे इमारतीखालच्या मोकळ्या व्हॉइड डेकवर तेच खेळली, ती त्याला कॅचिंग म्हणते.

तू लॅपटॉप माझ्याकडे वळवलास. "शिवाशिवी म्हणजे काय गं?"

"ज्याच्यावर राज्य असतं त्याने दुसऱ्याला..." म्हणता म्हणता मी थांबले.

"बरं झालं थांबलीस," तू म्हणालीस. "तुला शब्द ऐकला की खेळ आठवतो. आमच्या घरात त्या खेळाला पकडापकडी म्हणायचे. तो शब्द माझे वडील, अण्णा, घरात येऊच द्यायचे नाहीत. शाळेत पोरी ओरडायच्या, चला शिवाशिवी खेळू, की माझे पाय जागच्या जागी थिजायचे."

मी लगेच पुसायला गेले. तू माझा हात धरलास. "राहू दे. बोलणाऱ्याने काय सांगितलं ते एक. ऐकणाऱ्याने काय ऐकलं तेही कळू दे की लोकांना."

तेव्हापासून चौथ्या ओळीत 'खेळ' तसंच आहे. मला ते दर शनिवारी टोचायचं. टोचावं म्हणूनच तू ठेवलं होतंस, आणि तुझं बरोबर होतं.

भांडणं मात्र आपली वेगळ्याच गोष्टीवरून व्हायची. 'व्हतो'वरून. मी 'व्हतो'चं 'होतो' करायचे, 'न्हाई'चं 'नाही', 'आमास्नी'चं 'आम्हाला'. तुला ही सगळी बोलणी छापून त्या शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या हातात द्यायची होती. माझं म्हणणं, छापायचं तर वाचता आलं पाहिजे. तुझं म्हणणं, ज्यांच्यासाठी छापायचं त्यांना ते वाचता येतं, पुण्यातल्यांना येत नसेल तर त्यांनी शिकावं.

"माझ्या आत्याने जन्मात कधी 'होतो' म्हटलेलं नाही," तू एकदा चिडून म्हणालीस. "तिला गावातच राहू दे ना. सदाशिव पेठेत कशाला नेऊन ठेवतेस? तिथे तिला घर तरी देणार आहे का कुणी?"

मी म्हणाले, "शुद्धलेखन म्हणजे काय अत्याचार नाही, मित्रा."

"बाहेरून बघताना नसतोच."

त्या दिवशी मी कोपी अर्धी टाकून निघून आले. पुढच्या शनिवारी तू काहीच झालं नसल्यासारखी दोन कप घेऊन बसली होतीस. मी 'व्हतो' ठेवायला लागले, पण मनापासून नव्हे. कटकट नको म्हणून.

आता आईकडे येते.

आई ब्याऐंशीची. बाबा गेल्यापासून मरीन परेडला आमच्याकडेच असते. तुला काकू म्हणून फार आवडायची, आणि तिलाही तू. सुरुवातीला ती तुला अहो-जाहो करायची, "घ्या ना चिवडा." तू म्हणालीस, "काकू, चिवडा घेते, अहो परत घ्या." तेव्हापासून अगं-तुगं सुरू झालं. तुझं गाव कुठलं ते आईला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. कुणाला त्रास नको म्हणून फाइलीत सगळीकडे तू 'गाव क' लिहिलं होतंस. मी विचारलं नाही. जे फाइलीत नाही ते मी विचारत नाही.

एके दिवशी ईशा माझे इअरफोन घेऊन गेली होती. मी जेवणाच्या टेबलावर सोनाआत्याचं रेकॉर्डिंग मोठ्याने लावून टाइप करत होते, समोर आई कोथिंबीर निवडत होती. आत्या सांगत होती, "दिपुटी येनार म्हनून मास्तरानं आमास्नी सोप्यातनं आत घेतलं. मागं बसा म्हनलं, गप. आमी पाच जनं. दिपुटी आला, पाडं इचारलं, गेला. आमी आपल्या पाट्या उचलल्या, निघालो भाईर. तर मास्तर म्हनलं..."

"बसा. मी सांगितलंय का उठायला?" आई म्हणाली.

कोथिंबिरीवरून मान वर न करता. आणि पाठोपाठ मोबाइलमधून आत्याचा आवाज आला, "बसा. मी सांगितलंय का उठायला?"

माझी बोटं थांबली. रेकॉर्डिंग चालूच होतं. दिपुटी म्हणजे शाळा तपासायला येणारे साहेब. त्यांना दाखवायला मुलं आत घेतली, ते गेल्यावर बाहेर काढायला मास्तर विसरले. त्या दिवशी विसरले, दुसऱ्या दिवशी विसरले, कायमचेच विसरले. गावातली निम्मी मुलं घरी बसली, त्यांना परत आणायला मास्तर कुणाच्या दारात गेले नाहीत. हे सगळं आत्याने एका दमात सांगितलं आणि मग म्हणाली, "एक पोरगी मातर येत ऱ्हायली. पोस्टमास्तरची. दुपारचं जेवून आली की केस वलं असायचं तिचं. रोज. म्या म्हनलं, काय चैन हाय बगा, दोन दोन टायमाला न्हात्यात."

आई उठली. "चहा टाकते," म्हणाली. चहा नुकताच झाला होता.

मी रेकॉर्डिंग बंद केलं आणि काही विचारलं नाही. तुला एव्हाना कळलंच असेल का ते, पण कबूल मलाच करायचं आहे. मला माहीत होतं. माझे आजोबा, आईचे वडील, त्या गावी पोस्टमास्तर होते. सरकारी नोकरी, तेव्हा मुलीला घरी बसवायची सोय नव्हती. आजी तिला दुपारी शाळेतून आल्यावर मागच्या दारी बसवून डोक्यावरून पाणी ओतायची, कपडे बदलायची, मग जेवायला वाढायची. संध्याकाळी पुन्हा तेच. आमच्याकडे ही गोष्ट आजीच्या स्वच्छतेची म्हणून सांगितली जायची. लग्नाकार्यात, हसत हसत. मीही सांगितली आहे. अभियंता होऊन, दोन देश फिरून, पन्नाशी आली तरी मला त्यात स्वच्छताच दिसत होती. तुझ्या आत्याच्या त्या एका वाक्याने माझ्या आजीच्या हातातला तांब्या मला पहिल्यांदा नीट दिसला.

पुढच्या शनिवारी तू घरी आलीस आणि आईने सरळ विचारलं, "तुमचं गाव नदीच्या अलीकडचं ना गं? शाळेपुढे चिंच होती ते?"

तुझा चेहरा मला आठवतो. तू खुर्ची तिच्याजवळ ओढून घेतलीस. पाच मिनिटं तुम्ही दोघी नुसती नावं घेत होतात, चिंचेचं, ओढ्याचं, मास्तरांचं. मग तू पर्समधून मोबाइल काढून टेबलावर ठेवलास. "काकू, मला सांगाल?"

आई हात पुसत पुढे आली. आणि मी म्हणाले, "नको, मित्रा. आईचं बीपी."

तुला सोडायला बसस्टॉपपर्यंत आले तेव्हा तू चालता चालता म्हणालीस, "माझ्याकडे सतरा माणसं आहेत, सगळी सोप्यातली. सोप्यातून वर्ग कसा दिसायचा ते सगळं आहे माझ्याकडे. वर्गातून सोपा कसा दिसायचा, हे सांगणारं एकही माणूस नाही. कुणी तोंड उघडत नाही, शुभा. ज्यांना विचारलं ते म्हणतात, आमच्या गावात असलं काही नव्हतंच."

"तिला त्रास होईल."

"काकूंचं बीपी आहे का तुझं?"

मग मी ते बोलले. "त्या वेळी दोन्हीकडे लहान मुलंच होती, मित्रा. आईलाही कमी त्रास झाला नाही."

"कसला?"

मी बस येतेय का ते बघायला लागले.

"दोन्हीकडे लहान मुलंच होती, बरोबर," तू म्हणालीस. "एका बाजूची पंख्याखाली."

"त्या शाळेत पंखा नव्हता."

"मॅनेजरीणबाई, बस आली," तू म्हणालीस आणि चढलीस.

पंख्याचा मुद्दा मी जिंकले. पुढे वर्षभर तू तो विषय काढला नाहीस आणि मी तुझ्या त्या गप्प बसण्याला संमती समजले. तू शनिवारी येत राहिलीस, आईला पायाला लावायला तेल आणून देत राहिलीस, ईशाला गणित शिकवत राहिलीस. "ऑन्टी मित्रा एक्सप्लेन्स बेटर, लाह," ती इथल्या इंग्रजीत मला ऐकवायची. आणि फाइलीत अठरावी ओळ उघडून तू लिहून ठेवलंस ते तीन शब्द. त्यात माझ्याविषयी राग नाही, नुसती नोंद आहे. राग असता तर बरं झालं असतं.

मग हॉस्पिटलचे ते तीन आठवडे. त्यांच्याविषयी मी लिहिणार नाही, तुला असल्या वर्णनांचा कंटाळा होता. एकच सांगते. शेवटच्या रविवारी तू म्हणालीस, "आत्या त्र्याऐंशीची, काकू ब्याऐंशीच्या. आपण दोघी तरुण, आपल्याला काय घाई, असं वाटलं होतं बघ मला." आणि थोड्या वेळाने, "काकूंना एकदा विचार. नको म्हणायचं तर त्यांना म्हणू दे. तू म्हणू नकोस."

मी म्हणाले, "बघू."

ऑफिसात कुणी मला 'बघू' म्हटलेलं मी चालवून घेत नाही. तारीख मागते. तुला मी 'बघू' म्हणाले, आणि दोन दिवसांनी तू गेलीस.

तुझ्यासाठी बुद्धवंदना झाली तेव्हा आई पहिल्या रांगेत बसली होती. शब्द येत नव्हते, तर ओठ हलवत होती. घरी येताना टॅक्सीत म्हणाली, "तिने मला विचारलं होतं." एवढंच.

काल पोळ्या झाल्यावर मी लॅपटॉप पुन्हा उघडला आणि आईपुढे ठेवला. अठरावी ओळ दाखवली. तिने चष्मा लावला, माझ्याविषयीचा शेरा वाचला. मग बोट वर सरकवत चौथ्या ओळीवर आणलं.

"सोनाच्या पुढे 'खेळ' कुणी लिहिलंय?"

"मी. चुकून."

"चुकून कसं? होताच की खेळ." आणि मग म्हणाली, "मोबाइल ठेव इथे. मित्रा ठेवायची तसा."

ईशाने मोबाइल चालू करून दिला. आईने आधी स्वतःचं नाव, गाव, वय सांगितलं, बँकेत सांगतात तसं. मग जे सांगितलं ते तुला पाठ व्हावं म्हणून इथे लिहिते.

तिच्या मैत्रिणींना घरच्यांनी शाळेतून काढून घरी बसवलं होतं. मधल्या सुट्टीत ती एकटी. अंगणात ती पाच मुलं शिवाशिवी खेळायची. दोन दिवस तिने चिंचेखाली उभं राहून बघितलं, तिसऱ्या दिवशी घुसली. कुणी ये म्हणालं नाही, जा म्हणालं नाही.

"मी कधी आउटच व्हायची नाही," आई म्हणाली. "सोनावर राज्य असो नाहीतर कुणावर. सगळे एकमेकांना शिवायचे, मला मात्र कुणीच शिवू शकत नसे. मला वाटलं, मी फार जोरात पळते. आठ वर्षांची होते गं. घरी जाऊन सांगितलं, आई, मला कुणीसुद्धा पकडू शकत नाही. आई माझ्या डोक्यावर पाणी ओतत होती. म्हणाली, बरंय."

इथे रेकॉर्डिंगमध्ये नुसता पंखा ऐकू येतो. आमचा, मरीन परेडचा.

"एकदा मी पडले. सोनावर राज्य होतं. ती धावत आली, माझ्यापुढे उभी राहिली. हात पुढे केलेला. एवढ्या अंतरावर. आणि शिवेना. मी म्हटलं, शिव की गं. तर म्हणाली, नगं, तुला परत न्हायला लागंल."

मित्रा, तिला माहीत होतं. 'काय चैन हाय बगा' हे तुझी आत्या भाबडेपणाने बोलली असं मी धरून चालले होते. मी टाइपही तसंच केलं होतं, पुढे उद्गारचिन्ह टाकून. आठ-नऊ वर्षांच्या त्या मुलीला केस ओले का ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आणि रेकॉर्डिंगमध्ये ती चेष्टा करत होती, कदाचित आईची, कदाचित ऐकणाऱ्याची. म्हणजे माझी.

"मग?" मी आईला विचारलं. तू असतीस तर हेच विचारलं असतंस.

"मग काय. घंटा झाली. दुसऱ्या दिवसापासून मी खेळायला गेले नाही. आठवड्याभरात माझ्या मैत्रिणी परत आल्या. मी त्यांच्यात खेळले. सोना माझ्या मागच्याच रांगेत होती, चौथी होईपर्यंत. मी तिच्याशी पुन्हा बोलले नाही." तिने मोबाइल माझ्याकडे सरकवला. "हे मला मित्राला सांगायचं होतं. मी हात पुसत आलेच होते, तेवढ्यात तू बीपी काढलंस."

आईलाही कमी त्रास झाला नाही, असं मी तुला बसस्टॉपवर म्हणाले होते. आईने स्वतः तसं एका शब्दाने म्हटलं नाही. पाणी गार होतं, सर्दी व्हायची, काहीही नाही. तिला सांगायचं होतं ते स्वतःवर झालेल्याचं नव्हतं. स्वतः न केलेल्याचं होतं. मी तिला वाचवत होते, आणि तिला वाचायचं नव्हतं.

"सोना आहे का अजून?" आईने विचारलं.

आज सकाळी तुझ्या भावाने फोन लावून दिला. पडद्यावर आत्या आली, डोक्यावर पदर, मागे भिंतीवर तुझा फोटो, हार घातलेला. मी माझं नाव सांगितलं. म्हणाले, मित्राची मैत्रीण, ती रेकॉर्डिंग टाइप करते ती.

"माझी पोर जाऊन पाच हप्तं झालं," आत्या म्हणाली. "आनि तुमास्नी आता फोन करायचं सुचलं व्हय?"

"उशीर झाला, आत्या. माझ्यामुळे झाला."

तिने मान हलवली. मान्य केल्यासारखी, माफ केल्यासारखी नव्हे. मी बाजूला झाले आणि खुर्चीवर आईला बसवलं. आई पडद्याच्या फार जवळ गेली, तिला तसंच लागतं. तिथे दिसत असेल ते नुसतं कपाळ आणि पांढरे केस.

"सोना, मी मंदा. पोस्टमास्तरांची."

आत्या बघत राहिली. इतका वेळ, की मला वाटलं फोन अडकला. मी पुढे होऊन बघणार, तेवढ्यात तिचा तो आवाज आला, लांब ठेवावा लागणारा.

"केस वाळलं का गं तुझं?"

आईचा हात अंबाड्यावर गेला. साठ वर्षं पुण्यात काढली तिने, माझे 'आणि'-'पाणी'तले न आणि ण तिनेच छडी घेऊन पक्के केले. ती म्हणाली, "अजून न्हाई."

अठरावी ओळ भरली आहे, मित्रा. नाव, वय घातलं. विषय: शिवाशिवी. तुझा शेरा पुसला नाही, तो राहू दे. आणि 'न्हाई'चं 'न्हाई'च टाइप केलं आहे.